पाणी, स्वल्प स्वल्प

मी, पद्मनाभ रामराव मोहिते, राहणार बसवनगुडी, बेंगळूर, धंदा घड्याळदुरुस्ती (हात थरथरू लागल्यापासून बंद), पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. स्मरण शाबूत आहे. दुखणे म्हणाल तर तेच.

१. राहते घर मुलगा विश्वेश्वर व सून डॉ. सुप्रीता यांचे. मागची खोली माझी धाकटी बहीण गोजराबाई हिची, ती हयात असेतो. तिची जीभ कितीही तिखट असो, तिला कोणी उठवू नये.

२. माझी हत्यारे विश्वेश्वराला. घड्याळाला किल्ली द्यायचाही त्याला कंटाळा, पण भिंग तरी पुसून ठेवावे.

३. मधली खोली. नात आर्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत आहे, म्हणून हे कलम आजच लिहितो. आमच्या घरचा नियम, 'बाळंतिणीला पाणी स्वल्प.' माझी पत्नी कै. कस्तुरी बाळंतपणात याच खोलीत तापाने फणफणली होती. मला आत मज्जाव. दाराआडून ऐकू येई, "आई, एक घोट." माझी आईही दुष्ट नव्हती, सून वाचावी म्हणूनच देत नव्हती. कस्तुरी वाचली, पण दूध आटले. पुढे जन्मभर मी तांब्या तोंडाला लावला की म्हणायची, "स्वल्पच हं, घरचा नियम आहे!"

गेल्या महिन्यात सुप्रीताने या नियमाला हरकत घेतली. गोजरा उसळली, "कानडी सुईणच पणजीला सांगून गेलीय, 'नीरु स्वल्प स्वल्प कोडी'!"

सुप्रीता थबकली. "आत्या, अहो, म्हणजे थोडं थोडं करून देत राहा!"

"स्वल्प म्हणजे स्वल्प. मला मराठी नको शिकवू."

पणजी साताऱ्याहून नवी आलेली, तिला कन्नड कुठले? पण आम्ही? रोज दुकानात 'स्वल्प स्वल्प' म्हणतो. घरचे वचन तेवढे कोणी कन्नडात ऐकले नाही. सुप्रीता म्हणते, "मामंजी, दूध त्यानेच आटलं असं छातीठोक नाही सांगता येणार. पण तापात तहानलेलं ठेवणं चूकच." हे ऐकायला कस्तुरी हवी होती. वर्षभर आधी गेली. किती हसली असती! मग रडली असती.

म्हणून, मधल्या खोलीची व्यवस्था सुप्रीता पाहील. मालीश, डिंकाचे लाडू खुशाल. बाळाला मध नाही, काजळ नाही, पहिला चीक टाकणे नाही. जुने सगळे सोने नव्हे, नि सगळे पितळही नव्हे. कसाला लावून पाहावे. कस्तुरीचा तांब्या आर्याला. तिच्या उशाशी तो सदा भरलेला असावा.

४. माझ्या तोंडी शेवटचे पाणी गोजरानेच घालावे. सुईणीने सांगितले तसे. स्वल्प स्वल्प.

(सही) पद्मनाभ रा. मोहिते
बसवनगुडी, बेंगळूर, ३ मार्च १९९६

आमच्यादेखत, समजून उमजून सही केली:
मल्हारराव घोरपडे, शेजारी
डॉ. हयवदन कुलकर्णी