आईच्या सन्मानचिन्हांचा लिलाव

४ मार्च

मामाने आज दिवाणखान्यातली कपाटं उघडली! इतकी वर्षं काचेआड बसलेली मानचिन्हं, भूमिकांचे पोशाख, सिनेमांची पोस्टरं – सगळं जेवणाच्या टेबलावर. आईने ठरवलंय, लिलाव करायचा. येईल ते सगळं अनाथ मुलांच्या संस्थेला.

अभिनयाची बक्षिसं ठीक आहेत. पण माणुसकीच्या कामासाठी मिळालेलीसुद्धा? म्हटलं, "त्यातलं एखादं तरी ठेव गं."

"ती आधी जाऊ देत," आई म्हणाली.

इतकं तुटक! एरवी ती साधा चहा मागतानासुद्धा टाळ्यांसाठी जागा सोडून बोलते.

६ मार्च

लिलाववाले येऊन एकेक वस्तू कागदात गुंडाळून गेले. आज तो फोटोही गेला – पुरानंतरच्या छावणीतला. आई चिखलात उभी, कडेवर मी. तीनेक वर्षांची असेन. आईबाप वाहून गेलेली. त्या फोटोने आईला तिचा सगळ्यात मोठा सन्मान मिळवून दिला आणि मला घर. पेपरवाल्यांनी माझं नाव 'पुराची पोर' ठेवलं होतं. मामा लाडात आला की अजून तसंच म्हणतो.

फोटो आणि ते मानचिन्ह एकत्रच विकायचं, हा मामाचा आग्रह. "फोटोशिवाय त्या पितळेला कोण विचारतंय?"

"म्हणजे मीपण लिलावात!" मी म्हटलं. मामा पोट धरून हसला. आई हसली नाही.

९ मार्च

आई जेवली नाही. रिकाम्या कपाटांवर चादरी टाकायला लावल्या. म्हणे, बघवत नाही.

११ मार्च

लिलावाआधी लोकांना वस्तू बघता याव्यात म्हणून कालपासून सभागृहात मांडल्यात. मी दिवसभर तिथेच. गर्दी पोशाखांपाशी. आईच्या जरीच्या घागऱ्यासमोर दोन म्हातारे तर भांडले – तो कुठल्या गाण्यातला यावरून!

एक बाई मात्र फोटोपुढून हलेना. वयस्क, करडी शाल, पायात झिजलेल्या चपला. काचेला नाक लावून उभी. कालही येऊन गेली, असं शिपाई म्हणाला.

मी जवळ गेले. "काही माहिती हवी का?"

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. नजर चुकवावी तर चुकवता येईना. मला कसंतरीच झालं.

"भीती वाटली की कानाची पाळी चोळायची सवय गेली नाही अजून," ती म्हणाली.

माझा हात खरंच कानाशी होता! झटकन खाली घेतला. वर बघितलं तोवर बाई दाराबाहेर.

१२ मार्च

मामाला सांगितलं. हसण्यावारी नेईल असं वाटलं होतं. त्याचा चेहरा उतरला.

"अशा बायका येतातच. मोठं घर दिसलं की सगळ्यांना नाती आठवतात."

"पण मामा, ती काहीच मागत नव्हती."

"आज नसेल मागत!"

संध्याकाळी सभागृहात गेले तर भिंतीवर नुसता खिळा. फोटो लिलावातून काढला. कुणी? "तुमच्या मामांनी." का? 

मी फार विचार करतेय का? आईच्याच एखाद्या सिनेमासारखं वाटतंय – शेवटी हरवलेली माणसं भेटतात तसलं. हसू येतंय. आणि हात परत कानाच्या पाळीशी.

१४ मार्च

मामाने सभागृहाच्या रखवालदाराला ताकीद दिलीय – करड्या शालीच्या बाईला आत सोडायचं नाही. आई खोलीचं दार लावून आहे. मी हाक मारली की म्हणते, "नंतर."

१६ मार्च

लिलाव झाला. कसा झाला ते लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

सभागृह खचाखच. आई आली नाही, तब्येतीचं कारण सांगितलं. पोशाख गेले, पोस्टरं गेली. मग ते मानचिन्ह. लिलाव पुकारणाऱ्याने आवाज ओला केला – "ज्या लेकराला या जगात कुणी उरलं नव्हतं, त्याला उचलून घेणाऱ्या हातांचा हा सन्मान!"

मागून आवाज आला, "आई होती."

ओरडून नाही. वर्गात चुकलेलं दुरुस्त करावं तसा. सगळ्यांच्या माना वळल्या. ती कशी आत आली कुणास ठाऊक. शालही नव्हती आज.

"त्या पोरीला आई होती," ती पुन्हा म्हणाली.

मामा ताडकन उठला. दोघांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. पुकारणाऱ्याने हातोडा आपटला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

मी मागच्या दाराने धावले. रस्त्याच्या कडेला कठड्यावर बसली होती, दंड चोळत.

"मी छपराला धरून तरंगत होते," तिनेच सुरुवात केली. "छावणीत पोचले तोवर तू मोठ्या घरी गेली होतीस. फोटो छापून आला होता."

"मग न्यायला का नाही आलात?"

तिने मान हलवली. "तुला वाढवणाऱ्या बाईंच्या तोंडावर बोलेन. पाठीमागे बोलले की मी खोटी ठरते."

मी तिला घरी यायला सांगितलं. मामाला नाही विचारलं. माझं ते घर आहे, निदान आजवर होतं.

१७ मार्च

आईच्या दाराशी बसून होते. "उद्या कुणालातरी घेऊन येतेय," एवढंच म्हटलं. कोण, ते तिने विचारलं नाही.

१८ मार्च

मामा बाहेर पडल्यावर त्या बाईंना आईच्या खोलीत नेलं. ओळख करून द्यायला तोंड उघडलं, तोच आई उशीवरून उठून बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना म्हणाली, "पुन्हा या दारात येऊ नकोस म्हणून बजावलं होतं ना तुला?"