बटणांना नावं देण्यास झालेल्या विलंबाबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, विमा कंपनीच्या संगणक विभागातून निवृत्त, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण "तिला भ्रम झाला होता" असं म्हणायला माझा धाकटा भाऊ कमी करणार नाही.

१. राहतं घर थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला. तिला दिसत नाही. तिच्यापुढे येणारा प्रत्येक कागद एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी तिला वाचून दाखवावा.

२. धाकट्याला भिंतीवरचं घड्याळ. अधिक काही नाही. ताईचा संगणक पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचतो. आमच्या कंपनीच्या वेबसाइटवर तो नुसतं "बटण, बटण, बटण" म्हणे. म्हणून तिचा विम्याचा अर्ज धाकट्यानं भरला, आणि मोबाइल नंबर स्वतःचा घातला, नॉमिनी म्हणूनही स्वतःच. विचारलं तर म्हणाला, "सोयीसाठी गं."

३. माझी संगणकाची सगळी पुस्तकं आमच्या विभागप्रमुखांना, क्षमा मागून. प्रत्येक बटणाला वाचता येईल असं नाव हवं, हा वेबचा जगभर मान्य नियम. तो पाळावा असं मी लेखी दिलं, तेव्हा ते म्हणाले, "बाई, सगळं एका जुन्या ब्राउझरवर बेतलंय. हात लावला आणि चाळीस शाखा बंद पडल्या, तर सही कोणाची?" नऊ वर्षं गेली. कंत्राटदाराशी यांचं साटंलोटं आहे, असं मी धरून चालले. चार लोकांत बोललेही. निवृत्तीच्या आठवड्यात फाइल हाती आली. प्रमुखांनी तो प्रस्ताव सहा वेळा वर पाठवला होता. विधी विभाग, शाखा, समिती, सगळ्यांचा शेरा एकच: "हरकत नाही. आधी इतरांनी करावे." नकार कोणाचाच नव्हता. असता तर भांडता तरी आलं असतं. प्रमुखांना हे तोंडावर सांगायचा धीर मला झाला नाही.

४. ताईच्या विम्यावर कोणीही माझ्या नावानं हक्क सांगू नये. मी निवृत्त झाल्यावर वर्षभरात बटणांना नावं मिळाली. ताईनं नॉमिनी बदलायचा अर्ज स्वतः भरला, धाकट्याला काढून टाकलं. मी सहज विचारलं, "आता माझं नाव घातलंस ना?"

"तुझंही नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं सगळं तुम्हाला विचारून केलं. हे एक माझ्यापाशी राहू दे."

मला लागलं. नॉमिनी कोण, ते अजून माहीत नाही.

साक्षीदारांनी वरील मजकूर नुसता चाळला नाही, वाचला. मी समोर बसून पाहिलं.

साक्षीदार: १. आमचे डॉक्टर (सही)
२. तळमजल्यावरची शिंपीण (सही)
लिहून देणार: (सही)
स्थळ: राहतं घर, मागची खोली
दिनांक: १४ मार्च