प्रार्थना करून सांगते

आई, हे तुलाच लिहिते आहे. देवाशी बोलायची सध्या लाज वाटते, आणि घरात कुणाला सांगावं असं हे नाही.

ताम्हिणीच्या छोट्या दवाखान्यात तू नर्स होतीस आणि मागेच आपलं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. एका थंडीत शेजारच्या धनगर म्हातारीच्या शेळीनं आपली मेथी पार मुळापासून खाल्ली आणि वर म्हातारीनंच तुला चार शब्द सुनावले. तेव्हापासून तुमचं बोलणं बंद होतं. मग म्हातारीला ताप आला. तू चुलीवरून पेज उतरवतेस, डब्यात ओततेस आणि मला म्हणतेस, "जा, तिला देऊन ये." मला संडे स्कूलमध्ये नुकतंच शिकवलं होतं की काहीही करण्याआधी देवाचं ऐकावं. मी पाटावर बसते, डोळे मिटते. "मी आधी देवाला विचारते, जाऊ का म्हणून." तू हसली नाहीस. डबा माझ्या हातात दिलास. "विचार की. पण चालता चालता विचार. पेज निवायला लागलीय."

म्हातारीनं झाकण काढून वास घेतला. "काय गं, इख तर न्हाई घातलं तुझ्या आयनं? मेथीचा राग हाय तिला."

"राग आहे," मी म्हटलं, "पण पेज चांगली आहे."

ती खोकत खोकत हसली. घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तूही हसलीस आणि मग जरा कडक आवाजात म्हणालीस, "देवाचं ऐकायचं म्हणजे नुसते कान देऊन बसायचं नसतं, बाई. कळलं की उठायचं."

आता मी भूगावला राहते. फ्लॅटला मागच्या बाजूला एक जास्तीची खोली आहे. तिथं एक खुर्ची, तुझं बायबल, खिडकीतून थोडा डोंगर, बिल्डरनं अजून शिल्लक ठेवलाय तेवढा. ती माझी प्रार्थनेची खोली. पावसाळा सुरू व्हायच्या सुमाराला आपल्या धाकटीचा घोटावड्याहून फोन आला. नवरा सोडून गेल्यापासून ती तिथल्या कंपनीत पॅकिंगला जाते. म्हणाली, "ताई, पोरीला कोथरूडला अकरावीला कॉलेज मिळालंय. हितनं दोन बस बदलून जायचं, यायला अंधार पडतो गं. तुझ्याकडनं जवळ पडतं. तुझी ती मागची खोली हाय ना, दोन वर्षं तिला ठेवशील का?"

मी म्हटलं, "प्रार्थना करून सांगते."

ती म्हणाली, "बरं. कर."

आणि मी खरंच प्रार्थना करायला गेले, आई. त्याच खोलीत. दार लावून, त्याच खुर्चीत बसून देवाला विचारलं की ही खोली देऊ का. ह्यांना विचारलं तर ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "खोली तुझी आहे, तू ठरव. माझी काय ना नाही." म्हणजे अडवणारं कुणी नव्हतंच. मला फक्त ती खोली हवी होती. तिथली शांतता हवी होती, खुर्चीवर कुणाचा ओला टॉवेल नको होता. एवढंच कारण. देवाचं ऐकू येत नव्हतं असं नाही. पहिल्याच दिवशी, डोळे मिटायच्याही आधी, ऐकू आलं होतं. तेव्हापासून मी त्या खोलीत गप्प बसत नाही. मोठ्यानं प्रार्थना करते, गीतं म्हणते, आजाऱ्यांची नावं घेते. गप्प बसले की तेच ऐकू येतं.

मागच्या आठवड्यात भगिनी मंडळात बोलायची माझी पाळी होती. विषय होता देवाची आज्ञा पाळणं. मी तुझी पेजेची गोष्ट सांगितली. छान सांगितली. बायकांनी डोळे पुसले. चहाच्या वेळी एक जण माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही अगदी तुमच्या आईसारख्याच आहात हो." आणि मी "नाही हो, कुठलं" असं म्हणाले, विनयानं म्हणतात तसं. खरं म्हणून नाही.

पोरीचं कॉलेज सुरू होऊन बरेच दिवस झाले. धाकटीनं पुन्हा विचारलं नाही. रविवारी उपासनेनंतर दोघी भेटल्या. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलंय. तिनं वाकून "मावशी, बरी आहेस ना?" विचारलं. धाकटी तेवढं म्हणाली, "ताई, तू प्रार्थनेत ठेव हिला." टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिला खरंच वाटतंय की मी अजून उत्तराची वाट बघते आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तू काही ते वाचणार नाहीस. आणि एक सांगते. सकाळी मी धाकटीला फोन करायलाच बसले होते. नंबर काढला, आणि मग वाटलं, आधी आईला लिहावं. आता दुपार झाली आहे, आणि लिहिताना मला सारखं बरं वाटत होतं, जणू मी तिला हो म्हणून टाकलंय.