मैनेचं माप

दिंडोरी, १२ जून २०२५

चि. रोहिणीस,

अनेक आशीर्वाद आणि जयभीम. फोन असताना पत्र का, म्हणून हसू नकोस. दुकानात फोनवर बोललं की रांगेतल्या सगळ्या आया कान देतात. शाळा उघडतेय, गणवेशांचा ढीग पडलाय. टेप कमरेला लागला की पोरं खिदळतात, पळतात. काल मल्हारी नावाच्या दांडगोबाने माझा खडूच खाल्ला!

एक मैना तेवढी गुणाची. सात वर्षांची, आई नाही. बाप संतोष ट्रकवर असतो, म्हणून चुलत्याकडे राहते. पुतळ्यासारखी उभी राहते, काही मागत नाही. मी टेप घेऊन हात उचलला की मात्र डोकं झाकते, वेडी. आणि गंमत बघ, वहीत गेल्या जूनला तिची कंबर बावीस आहे, यंदा एकवीस भरली. मीच चुकीचं लिहिलं असणार. चष्मा बदलायला झालाय गं.

आठवण ठेव,
यशोदाआत्या

नाशिक, १६ जून

ती. आत्यास,

सप्रेम जयभीम. वि. वि. खडूबद्दल मल्हारीला बोल लावू नकोस, तू दुकानात बिस्किटं ठेवत नाहीस. मैनेचं वाचून मात्र माझं हसू थांबलं. तुझा चष्मा ठीक आहे. चाळीस वर्षांत तुझं माप कधी चुकलंय? वाढत्या वयाचं पोर कमरेत असं उतरत नाही.

आमच्या शाळेत शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, त्यात हेच सांगितलं की दंगेखोर पोराइतकंच गप्प पोराकडेही बघा. सतत भूक, अंगावर वळ, उन्हाळ्यात लांब बाह्या, हात उचलला की दचकणं. एखाद्या खुणेचं कारण वेगळं असू शकतं, पण दोन-तीन जमल्या तर गप्प बसायचं नाही. तिला खोदून विचारू नकोस. कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नकोस. आणि तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून सांगते, कात्री घेऊन चुलतीच्या दारात जाऊ नकोस. १०९८ला, मुलांच्या मदतीच्या चाइल्डलाइनला, फोन कर. खात्री करणं त्यांचं काम.

तुझ्या मायेची हक्कदार,
रोहिणी

दिंडोरी, २७ जून

चि. रोहिणीस,

अनेक आशीर्वाद. कात्री दुकानातच ठेवली, पण मोह फार झाला. बाही बघायचीय म्हणून मैनेला बोलावलं, पिठलं-भाकरी वाढली. दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी दप्तरात लपवली. दंडावर वळ होते. मी काही विचारलं नाही. तीच हळूच म्हणाली की बाही लांब ठेवा, म्हणजे शाळेत दिसणार नाही.

मला रडू आलं. तिच्या भीतीला मी गुण म्हणत होते!

त्याच संध्याकाळी १०९८ला फोन केला. चुलत्याचं गावात वजन आहे, पण गिऱ्हाइकं तुटली तर तुटोत. दुसऱ्याच दिवशी चाइल्डलाइनच्या दोन ताई आल्या. आधी दवाखाना, मग बालकल्याण समिती. आता तिला घोटीला आईच्या आईकडे, ठमाबाईंकडे ठेवलंय. संतोष गाडी सोडून धावत आला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं म्हणे. त्यावरून मी त्याला चांगलं सुनावलं.

तुझी,
आत्या

दिंडोरी, १२ ऑक्टोबर

चि. रोहिणीस,

अनेक आशीर्वाद. आज ठमाबाई मैनेला घेऊन आल्या, नव्या फ्रॉकसाठी. टेप लावला तर पोरगी खिदळत पळाली. मशीनखाली शिरली, टेपचं टोक दातात धरलं. मी हात उचलला, तर तिने तोच पकडून माझा चष्मा ओढला! ठमाबाई तिला रागावायला लागल्या, मी त्यांना गप्प बसवलं.

तीनदा प्रयत्न केला, माप काही मिळालं नाही. फ्रॉक अंदाजाने, जरा ढगळच शिवणार आहे. चाळीस वर्षांत वहीत पहिल्यांदाच एक जागा कोरी सोडलीय, आणि दिवसभर तेच पान उघडून बघतेय.

लोभ आहेच, तो घेऊन ये. येताना बिस्किटं आण.

तुझी,
यशोदाआत्या