आठ आण्यांचा पुठ्ठा

बाबा,

परवा तुमचा एक पुठ्ठा दुकानात परत आला. आठ आण्यांचा. कडा मऊ पडल्या आहेत, एका कोपऱ्याला हळद लागली आहे, पण दुकानाचा शिक्का अजून वाचता येतो आणि त्याखाली तुमची ती सही, चिखलातून कुर्ली चालत गेल्यासारखी. मी गल्ल्यावर बसले होते, तुमचा नातू समोर बरण्या लावत होता. त्याला म्हटलं, थांब जरा, आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

त्याला या पुठ्ठ्यांची गोष्ट ठाऊक नव्हती, म्हणून सगळी सांगावी लागली. त्या वर्षी सुट्टे पैसे बाजारातून कुठे गडप झाले होते देव जाणे. बाकीचे दुकानदार सुट्ट्यांच्या बदली लिमलेटच्या गोळ्या हातावर ठेवून गिऱ्हाइकाला वाटेला लावायचे. तुम्हाला ते पटेना. तुम्ही अगरबत्तीची खोकी कापलीत, शिक्का मारलात, सही केलीत. जो पुठ्ठा आणील त्याला तेवढ्याचा माल, आणि माल दिला की त्याच्या डोळ्यांदेखत पुठ्ठा फाडायचा. मी एकदा म्हटलं, चांगला आहे की, कशाला फाडता? तर म्हणालात, "फाडलो नाय तर एकच शब्द दोनदा फिरतलो गो." आई म्हणायची, माणूस काडेपेटीतली जळकी काडीसुद्धा जपून ठेवतो आणि पुठ्ठे फाडताना मात्र राजा होतो!

हळूहळू न्हावी पुठ्ठे घ्यायला लागला, मग खाडीवरचा होडीवाला. देवळातल्या ताटातही एक पडला, गुरवाने तो आणून गूळ नेला. मला याचं फार नवल वाटायचं. उन्हाळ्यात आम्ही पोरं काजूच्या बिया घेऊन खाऊ मागायला यायचो तेव्हा तुम्ही त्या पाण्याच्या बादलीत टाकायचात. तरंगली ती पोची, घे परत. सख्ख्या मुलीचीसुद्धा गय नाही. मी विचारलं होतं, काजूची बी बुडते म्हणून खरी, मग पुठ्ठा खरा कशाने? तुम्ही खिशातून एक नोट काढून माझ्यासमोर धरलीत.

"आदी म्हणे ही दिली की सोना मिळायचा. आता ही दिली की दुसरी नोट मिळता."

"मगे चलता कशी?"

"फुडचो घेता म्हणान."

"आणि तुमचो पुठ्ठो?"

"तसोच. पण माझ्या पुठ्ठ्याच्या पाठसून तांदूळ आसत."

तुमचा रुबाब बघण्यासारखा होता. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नराला शिकवायला निघालात जणू.

तो रुबाब त्याच आगोटीला पणाला लागला. पावसाआधी सामान भरायला तुम्ही कणकवलीला निघालात, आणि चहाची पावडर दमट होऊ नये म्हणून घरातली पत्र्याची ट्रंक रिकामी करून बरोबर घेतलीत. एसटीच्या थांब्यावर न्हाव्याने तुम्हाला पाहिलं. आपल्याकडे ट्रंक घेऊन उभा असलेला माणूस मुंबईखेरीज जातो कुठे? काका तिकडे गिरणीत होतेच. दुपारपर्यंत गावभर झालं की दुकानदार भावाकडे चालला आणि पुठ्ठे आता चुलीत घाला. तुमची परतीची गाडी वाटेत बंद पडली, रात्री आला नाहीत, मग काय, खात्रीच पटली.

सकाळी तुम्ही डोक्यावर ट्रंक घेऊन आलात तेव्हा अंगणात पुठ्ठे घेऊन ही गर्दी. आई दारात एकटी उभी, मी तिच्या पदराआड. तुम्ही ट्रंक खाली ठेवलीत, फळ्या काढल्यात आणि माल द्यायला बसलात. तांदूळ संपले, गूळ संपला, मीठसुद्धा संपलं. फाडलेल्या पुठ्ठ्यांचा खच पडला आणि माणसं काही कमी होईनात. कणकवलीचा माल मागाहून ट्रकने यायचा होता, पण ते सांगून ऐकणार कोण? मला रडू यायला लागलं होतं. आता तुम्हाला सगळे लबाड म्हणणार, एवढंच मला कळत होतं.

तेव्हा आईने हाताला खोबरेल लावून दोन्ही पाटल्या काढल्या आणि गल्ल्यावर ठेवल्या. सोनं बघून रांग सैलावली. मागचे दोघे तर वळलेसुद्धा. आणि तुम्ही, बाबा, त्या उचलून तिच्या हातात दिल्यात. "घाल गो. आज सोना बघून गेलीत ती उद्या सोना बघूकच येतली." आई तेव्हा तुमच्याकडे काय रागाने बघत होती! मला मात्र तुम्ही त्या क्षणी जेवढे आवडलात तेवढे कधीच नाही.

देण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तुम्ही ट्रंक उघडलीत. चहाचा वास अंगणभर पसरला. रांगेत पुढेच खाडीपलीकडची एक काकी उभी होती, नवीन लग्न झालेली. ती आत वाकून बघते आणि वळून सगळ्यांना म्हणते, "मुंबैक जाणारो माणूस कणकवलेसून चाय कित्या आणीत रे?" आधी कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. काकीने आपला पुठ्ठा कनवटीला खोचला. "माका आज नको. मगे येतंय." तुम्ही म्हणालात, "कधीय ये. ह्यो चलतलो." तिच्या मागोमाग अंगण रिकामं झालं.

परवा आली ती तीच काकी, आता पार वाकलेली. आमच्याकडे हल्ली गल्ल्यावर चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवला आहे, गिऱ्हाईक त्याच्यासमोर फोन धरतं आणि एक डबी बोलते, इतके रुपये प्राप्त झाले. नातू सांगतो, आता सरकारने फोनमध्येच राहणारा रुपयाही काढलाय, त्याला कागदसुद्धा लागत नाही. सोनं गेलं, कागद चालला, आता नुसता आवाज उरला. रेंज गेली की माणसं आंब्याखाली हात वर करून उभी राहतात, पण रेंज आली की पैसे देतात. अजून तुमचा 'फुडचो' घेतोच आहे, बाबा.

काकीने पुठ्ठा गल्ल्यावर ठेवला. "ह्यो चलता काय गो बाय? तुझो बापूस म्हणालो होतो, कधीय ये."

नातू हसला. "आजये, ह्यो स्कॅन जावचो नाय."

ती ओशाळली आणि तिने पुठ्ठा परत घ्यायला हात पुढे केला. मी पुठ्ठ्यावर हात ठेवला. आठ आण्यांना आज काय येतं? काडेपेटीही येत नाही. पण तुम्ही तिला आठ आणे कुठे देऊ केले होते? ट्रंकेतला चहा देऊ केला होता. मी चहाचा पुडा आणि साखर बांधून तिच्या पिशवीत घातली. डबी काही बोलली नाही. काकीच बोलली. पायरी उतरताना वळून, तुम्ही आत जेवायला बसला असल्यासारखी, म्हणाली, "बापसाक सांग, माझो पुठ्ठो पावलो."

म्हणून हे लिहायला बसले. निरोप पोचवायचा होता, तो या कागदावर पोचवला. कागद आता कुठल्या पेटीत टाकणार? गल्ल्यातच राहील.

आणि त्याच्याखाली तो पुठ्ठाही आहे. मी फाडला नाही, बाबा. तुमच्या नियमाने तो अजून चालतो.