तनूच्या पप्पांचा अर्ज

बुधवार, संध्याकाळ

वॉरंट काढायला सुनंदाला मीच सांगितलं होतं. पेणकरपाड्याहून येते, माझ्याकडे पोळ्या करते. नवऱ्याने टाकलेली, मुलीची पोटगी सात महिने थकलेली. म्हटलं, आत बसला की शुद्धीवर येईल. बसला, महिन्याभरासाठी. तेवढ्यात तो भाड्याने चालवायचा ती रिक्षा मालकाने दुसऱ्याला दिली. आणि आत बसून पोटगी फिटत नाही, ती तशीच डोक्यावर राहते, हे वकिलांकडून आज कळलं. मग मिळवलं काय मी?

मुलगी तनू आज आईबरोबर आली होती. नऊ वर्षांची. ओट्याला टेकून विचारते, "आजी, मी शाळेची फी नाही मागितली तर पप्पांना सोडतील?"

"तू गप गं," सुनंदा म्हणाली. मग मला, "पण काकू, आत बसून तो देणार कुठनं? तिथे काय पॅसेंजर येतायत?"

फी नाही मागितली तर! त्या माणसाची मला कीव नाही. रिक्षा होती तेव्हाही देत नव्हता. पण पोरीने हे स्वतःवर घ्यावं?

तिला समोर बसवलं. "फी तुझा हक्क आहे, ती मागायचीच. पप्पांना आत टाकायचं मी सुचवलं, तू नाही."

ती म्हणाली, "मग तुम्हीच सोडवा ना."

सुनंदाला विचारून तिच्या नावाने कोर्टाला अर्ज लिहिला. त्याला सोडावं, थकलेली पोटगी आणि फी हप्त्याहप्त्याने घ्यावी. तनूने वाचला. म्हणाली, "फीचं खोडा."

नाही खोडलं.