पूजा झालेली टाकी

ति. हंबीरमामांना प्रांजलचा साष्टांग नमस्कार. मामींना वेगळा नमस्कार (तुमच्यातलाच अर्धा त्यांना देऊ नका). गुडघा कसा आहे? गोळ्या घेताय, की शेजाऱ्यांना वाटताय? तुम्ही म्हणाल, घर चार गल्ल्यांवर आणि भाची पत्र कसलं लिहितेय! आवं मामा, मी तुमच्या हॉटेलात आले की तुम्ही आधी ताट मांडता, आणि तुमचं मटण पोटात गेलं की माझ्या तोंडातून नगरपालिका बाहेर येत नाही. म्हणून हा कागद.

तर आमच्या साहेबांनी हुकूम काढलाय. ज्या हॉटेलाचं तेलकट पाणी पावसाच्या गटारीत जातंय, त्याला महिनाअखेर कुलूप. ती गटार ओढ्याला मिळते, ओढा नदीला, आणि नदी आपल्याच नळाला. म्हणजे रविवारी ओरपलेला रस्सा आपण सोमवारी पुन्हा पितो (बिनमिठाचा). कुलूप लावायचं काम माझ्याकडं. नोकरीला आठच महिने झालेत, आणि पहिलं कुलूप आपल्याच माणसाच्या दाराला लागू नये म्हणून मी दारोदार फिरतेय. पण फिरणं कसलं! जाईन तिथं आधी 'बसा', मग चहा. नको म्हटलं की 'गरिबाचा चालत न्हाई व्हय?' पहिल्या दिवशी अकरा चहा झाले आणि गटारी दोनच बघून झाल्या.

सगळ्यात आधी तेल अडवायची टाकी बसवली ती स्टँडमागच्या हॉटेलवाल्या नाथाजींनी. खरकट्या पाण्यातलं तेल वर तरंगून अडकतं, खालचं पाणी पुढं जातं, एवढंच तिचं काम. मला वाटलं, जिंकलो. आठ दिवसांनी जाऊन बघते तर टाकी लख्ख! वर हळदीकुंकू, झेंडूचा हार, फोडलेला नारळ, आणि भांड्यांचं पाणी मात्र बादली बादली उचलून जुन्याच गटारीत. नाथाजींच्या आई रंगूबाई पदर खोचून टाकीपुढं उभ्या. "पूजा झालीया तिची. त्यात उष्टं सोडू व्हय गं?" मी नियम वाचून दाखवला. म्हातारीनं तो सगळा शांतपणे ऐकला आणि माझ्या हातावर खोबरं ठेवलं.

खरं सांगते मामा, मला रडूच यायला लागलं. माणूस भला, टाकी बसवलेली, आणि निव्वळ भक्तीपायी कुलूप लागणार! शेवटी वैतागून बोलून गेले, "आजी, खंडेनवमीला नांगर पुजता, मग त्याला काय देव्हाऱ्यात बसवता? मातीतच घालता न्हवं?" म्हातारी लेकाला म्हणाली, "पोरगी बराबर बोलतीया रं," आणि पहिली बादली तिनं स्वतः ओतली (आधी टाकीच्या पाया पडून). आता दर शनिवारी तेलाची साय काढायला त्याच उभ्या असतात, आणि शेजारच्या चार हॉटेलवाल्यांनाही त्यांनीच दमात घेतलंय. माझ्या नोटिशीला कुणी भीक घालत नव्हतं, रंगूबाईंना मात्र सगळे टरकून असतात. परवा ओढ्यात बगळा उभा दिसला. मी पुलावर गाडी लावून लय वेळ बघत राहिले.

बाकी सगळं ठीक. तुमचा लोभ आहेच, तो एवढं वाचूनही टिकावा.

तुमची,
प्रांजल

ता. क. यादीत आता एकच हॉटेल उरलंय. नाव लिहीत नाही, मालकाचा गुडघा दुखतो. बोट धरून मला शाळेत तुम्हीच घातलंत, तुमच्या दाराला कुलूप मला लावायचं नाही. पण लावावं लागलं तर लावीन. तेवढी वेळ आणू नका, मामा. महिना संपायला नऊ दिवस आहेत.

ता. क. २ मंगळवारी येते. ताट तपासणी झाल्यावरच मांडा, आणि दोन मांडा. रंगूबाई सोबत आहेत.

ता. क. ३ पूजा जरूर करा. नारळ मी आणते. पहिली बादली मात्र मामी ओततील, तुम्ही वाकायचं नाही.